रस्ता मोजायला शिकवताना

निपाणी कर्नाटकात आणि निपाणीच्या पोरांचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात. अर्जुननगर हा भाग गावाला लागून असला तरी तो कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात मोडतो. १९६० पासून तिथे हे कॉलेज आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाला जोडलेले आहे. सकाळी घरातून केए-२३ची दुचाकी काढणारा विद्यार्थी ती एमएच-०९च्या गाड्यांशेजारी लावतो. वाटेत आपण राज्य ओलांडले, हे त्याच्या मनातही येत नाही. तरुणांमध्ये रस्ता सुरक्षेचे काम करणाऱ्या समन्वयकाला मात्र ते विसरता येत नाही. त्या मुलाचा अपघात थोडा अलीकडे झाला तर पोलीस ठाणे एक, थोडा पलीकडे झाला तर दुसरे. परवाना चिक्कोडीच्या आरटीओचा, कॉलेजचा पत्रव्यवहार कोल्हापूरशी, आणि घरचे लोक धावत जाणार ते कोल्हापूर किंवा बेळगाव, जिथली गाडी आधी मिळेल त्या दवाखान्यात.

या कामासाठी वेगळी नेमणूक क्वचितच असते. बहुतेक कॉलेजांत ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे येते. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते, आणि त्यातले काही तास रस्त्यासाठी मिळतात. काही ठिकाणी एखादी स्वयंसेवी संस्था किंवा कंपनीच्या सामाजिक निधीवर चालणारा उपक्रम माणूस नेमतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मेरा युवा भारत’ हे व्यासपीठ सुरू झाल्यापासून जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा मोहिमांत त्याचे स्वयंसेवकही चौकात उभे राहू लागले आहेत. नाव काहीही असो, दिवस साधारण सारखाच जातो, आणि त्याची सुरुवात भाषणाने होत नाही. निदान होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात होते मोजण्याने. कॉलेज भरण्याआधीचा तास हा या कामाचा सर्वांत मोलाचा तास. चार-पाच विद्यार्थी, एक वही, आणि उभे राहायला रस्त्याच्या कडेची सुरक्षित जागा. बेळगावात गोवावेस, तिसरे रेल्वे गेट किंवा राणी चन्नम्मा चौक; निपाणीत कॉलेजकडे वळणारा रस्ता. वहीत रकाने आखलेले असतात. हेल्मेट नाही. हेल्मेट आहे, पण पट्टा लावलेला नाही. हेल्मेट आहे, पण ते आरशाला किंवा कोपराला अडकवलेले. हेल्मेट आहे आणि पट्टाही लावलेला. मागे बसलेल्याचे रकाने वेगळे, ट्रिपल सीटचा वेगळा, गाडी चालवताना मोबाइल कानाला लावलेल्यांचा वेगळा. कुणाला अडवायचे नाही, टोकायचे नाही, फोटो काढायचा नाही. नुसते पाहायचे आणि रेघ ओढायची.

हे काम दिसायला किरकोळ असते, पण त्यानेच मुलांची नजर बदलते. रोज याच चौकातून जाणारा मुलगा पहिल्यांदा तिथे थांबून पाहतो. पट्टा न लावलेले हेल्मेट धक्का बसताच डोक्यावरून उडून जाते, म्हणून तो रकाना ‘हेल्मेट आहे’मध्ये धरायचा नसतो, हे त्याला वहीमुळे कळते. मागे बसणाऱ्यांचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो, हेही त्याला स्वतःच्याच अक्षरात दिसते. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. इतकेच काय, फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्यालाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नसतो. बाळाला टाकीवर बसवून बाजारात जाणाऱ्या किती घरांना हे ठाऊक आहे?

मोजणी कशासाठी, हे समजायला देशाचे आकडे एकदा नीट पाहायला हवेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ११,७०२ कर्नाटकातली आणि १५,२२४ महाराष्ट्रातली. मृतांपैकी साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयाचे होते, तर १८ वर्षांखालची मुले ९,५२८. दर १०० मृतांमागे ४४हून अधिक जण दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९, आणि त्यांत मागे बसलेले १४ हजारांवर. जगभर पाहिले तर ५ ते २९ या वयात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण रस्ते अपघात हेच आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वयाच्या मुलांसाठी आपण साथीच्या रोगांची जितकी काळजी करतो, तितकी रस्त्याची केली पाहिजे, असे मला हे आकडे वाचताना दरवेळी वाटते.

वर्गात गेल्यावर समन्वयकापुढे उभे राहणारे उत्तर मात्र आकड्यांचे नसते. “सर, इथंच जाऊन येतो की, हेल्मेट कशाला?” हे वाक्य बेळगावच्या शहापुरातही ऐकू येते आणि निपाणीच्या बाजारातही. त्याला भीतीचे फोटो दाखवून उत्तर देता येत नाही. रक्ताचे फोटो पाहून मुले मान फिरवतात आणि संध्याकाळी तशीच गाडी काढतात.

नुसत्या शिकवणीने अपघात कमी होतात का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या जागतिक जाळ्याने २००१ मध्ये शाळांमधल्या वाहन प्रशिक्षणाचा आढावा प्रसिद्ध केला. असे प्रशिक्षण घेतलेली मुले परवाना लवकर काढतात, पण त्यांचे अपघात कमी होतात याचा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष समोर ठेवावा. शपथ, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, पथनाट्य हे सगळे जानेवारीत होते. त्याला माझा विरोध नाही. पण त्यावरच दिवस संपवला, तर चौकात काहीच बदलत नाही.

म्हणून मैदानावर जायचे. ज्यांनी एकदा हा प्रयोग केला ते तो सोडत नाहीत. लागते काय, तर मोजपट्टी आणि चुन्याची फक्की. एक आडवी रेघ मारायची: इथे चालवणाऱ्याला पुढे कुत्रे आडवे आलेले दिसले. आता मुलांना विचारायचे, ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कुठे थांबेल, ६०ची कुठे आणि ८०ची कुठे? प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या जागी उभे राहायचे. मुले सहसा फारच अलीकडे उभी राहतात.

मग गणित करायचे, आणि तेही मुलांनीच. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ओळखले, हात ब्रेकवर गेला. याला सावध माणसालाही एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागलेलाच नसतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी १० मीटर धरा. एकूण २१. ताशी ६०ला पहिल्या सेकंदाचे १७ आणि ब्रेकचे २३, म्हणजे ४० मीटर. ताशी ८०ला २२ आणि ४१, म्हणजे ६३. वेग दुप्पट झाला, पण अंतर तिप्पट झाले, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले हे सूत्र मुलांना पाठ असते. ते मैदानावर ६३ मीटर चालून जाताना पायांना कळते. त्यात पाऊस, वाळू, झिजलेला टायर आणि मागे बसलेला मित्र मिळवला तर रेघ कुठे जाईल, हा पुढचा प्रश्न. बेळगावच्या पावसाळ्यात तो रोजचाच आहे.

याच मैदानावर दुसरे एक गणित करावे. महामार्गालगतच्या गावांत भुयारी मार्ग किंवा वळण लांब असेल, तर दुचाकी उलट्या दिशेने घालायची सवय पडते. समोरून ट्रक ताशी ७०ने येत असेल आणि आपण ४०ने जात असू, तर दोघे मिळून ताशी ११०ने जवळ येतात, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. समोर १०० मीटरवर दिसलेला ट्रक तीन सेकंदांत अंगावर येतो. या तीन सेकंदांतला एक पाहण्यात जातो.

महामार्ग हाच या भागाचा कणा आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, आता ४८ म्हणतात. कागल सोडल्यावर कोगनोळीला राज्याची हद्द लागते, मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती आणि बेळगाव. तवंदीच्या उतारावर निपाणीकडे येणारी अवजड वाहने ताबा सुटून पुढच्यांवर गेल्याच्या बातम्या इथल्या वाचकांना नव्या नाहीत. कारण समजून घ्यावे असे आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो; सगळे वजन एकट्या ब्रेकवर येते; सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. याच महामार्गावर पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी अशाच उतारावर एका ट्रकने ४८च्या आसपास वाहनांना धडक दिली होती. म्हणून दुचाकीवरच्या मुलांना शिकवायचे ते इतकेच की घाटउतारावर जड वाहनाच्या पुढे रेंगाळायचे नाही आणि त्याच्या अगदी मागेही राहायचे नाही. ट्रकचालकांपर्यंत पोचायचे असेल तर ढाब्यावर जावे लागते, वर्गात नाही.

दुपार कार्यालयांत जाते, आणि मला वाटते की समन्वयकाची खरी कसोटी तिथेच लागते. काकतीसारखा शहरालगतचा भाग बेळगाव पोलीस आयुक्तालयाकडे, निपाणी जिल्हा पोलिसांकडे; महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे, कॉलेजचा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा नगरपालिकेकडे. अर्जुननगरचा प्रश्न असेल तर कागल आणि कोल्हापूर. पत्र चुकीच्या टेबलावर गेले की महिने जातात. त्यामुळे कुठला रस्ता कुणाचा, याचा नकाशा आधी तयार करावा लागतो. मग ‘ब्लॅक स्पॉट’ची व्याख्या माहीत हवी. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे दगावली, तर तो पट्टा यादीत येतो. हे आकडे पोलिसांच्या संगणकीय नोंदीत असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती ते पाहते, आणि कॉलेजने ठिकाण, दिवस, वेळ घालून दिलेले निरीक्षण तिथे मांडता येते.

इथे मुलांची वही कामाला येते. ‘चौकात धोका आहे’ असे लिहिलेले पत्र फायलीत पडून राहते. त्या जागी ‘सकाळच्या अमुक वेळेत इतके पादचारी या ठिकाणी रस्ता ओलांडतात, पट्टे पुसलेले आहेत, झाडाच्या फांदीने पाटी झाकली आहे’ असे लिहून सोबत तक्ता जोडला, की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. फांदी तोडणे, पट्टे रंगवणे, दिवा लावणे ही छोटी कामे आहेत; ती मागायला लाजू नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या निकषांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चूक नेहमी चालवणाऱ्याचीच, हे गृहीतक कायद्याने सोडले आहे, आपणही सोडावे.

याच दुरुस्तीतले कलम १९९-अ पालकसभेत सांगायचे असते. १६व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. बाकी दुचाकींना १८ पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत परवाना नाही. सभेत हे वाचून दाखवले की शांतता पसरते. मग एखादी आई विचारते, “बरोबर हाय सर, पण पोरगं शिकवणीला कसं जाणार?”

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. शेवटची बस सुटल्यावर क्लास संपत असेल, किंवा सकाळची बस भरून येऊन थांब्यावर न थांबताच जात असेल, तर घरातली चावी मुलाच्या हातात जाणारच. म्हणून आगाराला वेळापत्रकाचे पत्र देणे, क्लासच्या वेळा बदलायला सांगणे, एका गल्लीतल्या मुलांना एकत्र रिक्षा ठरवून देणे, हेही रस्ता सुरक्षेचेच काम आहे. माझ्या मते ते पोस्टर स्पर्धेपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून संध्याकाळी वेगळे काम असते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, पलीकडचे कागलचे कारखाने यांच्याकडे उसाच्या डबल ट्रॉल्या रात्रभर चालतात. उसाचे वाढे मागे लोंबत असतात, मागचा दिवा असला तरी त्यात झाकला जातो. आता मैदानावरची चुन्याची रेघ आठवावी. ताशी ६०च्या गाडीला थांबायला ४० मीटर लागतात, आणि डिपरच्या उजेडात अंधारातली, बिनदिव्याची, काळपट ट्रॉली त्याहून अलीकडेच दिसते. चालवणाऱ्याने दारू प्यायलेली नसते, वेगही फार नसतो, तरी तो ट्रॉलीत घुसतो. यावरचा उपाय स्वस्त आहे: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी परावर्तक पट्टी, आणि ती वाढ्यांनी झाकली जाणार नाही अशा जागी. विद्यार्थ्यांना घेऊन केनयार्डात जायचे, रांगेत थांबलेल्या ट्रॉलीचा मागचा भाग फडक्याने पुसायचा आणि पट्टी चिकटवायची. धुळीवर लावलेली पट्टी दोन दिवसांत गळते, म्हणून पुसणे महत्त्वाचे.

तिथे ट्रॅक्टरवाल्याशी बोलण्याची रीत सांभाळावी लागते. हा निपाणीचा शेतकरी आहे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी याच महामार्गावर तो ठाण मांडून बसला होता. त्याला उपदेश नको असतो. “दादा, तुमच्या ट्रॉलीला मागनं कोण धडकलं तर तुमचाच हंगाम पोलीस ठाण्यात जाईल,” हे त्याला लगेच पटते, आणि बहुतेक जण स्वतः पुढे होऊन दुसरी ट्रॉली दाखवतात.

अपघात झाल्यावर काय करायचे, याचा तास मी कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या आठवड्यात घ्यायला लावीन. मुलांच्या मनात एक जुनी भीती असते: मदत केली तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी नियमावली बंधनकारक केली. त्यानंतर यासाठी स्वतंत्र कायदा करणारे पहिले राज्य कर्नाटकच होते. विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केलेल्या त्या कायद्याला २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे केंद्रीय कायद्यातही कलम १३४-अ आले, त्यामुळे हद्दीच्या दोन्ही बाजूंना हे संरक्षण आहे. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्यात थांबून राहण्याची नाही, खर्च भरण्याची नाही. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला कायद्यानेच ‘गोल्डन अवर’ म्हटले आहे, आणि मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना लागू आहे.

मुलांकडून पाठ करून घ्यायचे ते असे. रुग्णवाहिकेला १०८, कोणत्याही तातडीला ११२, महामार्गावर १०३३. फोनवर आधी ठिकाण: जवळचे गाव, महामार्गाच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, बेळगावकडे जाणारी बाजू की कोल्हापूरकडे. कोगनोळीच्या आसपास राज्याचे नावही सांगायचे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे. मान हलवायची नाही. पाणी पाजायचे नाही. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटातले पाणी घात करते. गर्दीतला सर्वांत प्रेमळ माणूसच पाण्याची बाटली घेऊन पुढे येतो, म्हणून त्याला प्रेमानेच थांबवायला शिकवावे लागते.

कॉलेज सोडलेल्या तरुणांपर्यंत यातले काहीच पोचत नाही, ही या कामातली मोठी उणीव आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीला जाणारा, दुकानात डिलिव्हरी करणारा, सुटे काम शोधणारा मुलगा राष्ट्रीय सेवा योजनेत नसतो. पण बेळगावात तो गल्लीच्या युवक मंडळात असतो. गणपतीची आणि शिवजयंतीची मिरवणूक शिस्तीत पार पाडणारे हेच हात आहेत. मंडळाच्या बैठकीत रात्री नऊनंतर वेळ मिळतो, आणि तिथे समन्वयकाने सर म्हणून जाऊ नये. मंडळाच्या अध्यक्षाला बोलू द्यावे आणि आपण चुन्याची फक्की घेऊन बाजूला उभे राहावे. सौंदत्तीला, जोतिबाला, पंढरपूरला पायी किंवा ट्रॅक्टरने निघणाऱ्या मंडळींना पट्ट्या, टॉर्च आणि रांगेच्या पुढे-मागे चालणारे दोन जबाबदार लोक ही व्यवस्था मंडळेच करू शकतात.

रात्री उरतो तो अहवाल. बहुतेक अहवालांत ‘इतक्या विद्यार्थ्यांनी शपथ घेतली’ एवढेच असते, आणि ते वरच्या कार्यालयाला पुरतेही. पण कामाचा माणूस त्याखाली आणखी एक तक्ता जोडतो: तोच चौक, तोच वार, तीच वेळ, तेच रकाने, तीन महिन्यांपूर्वी आणि आज. पट्टा लावलेले किती, मागे बसलेल्यांपैकी किती, ट्रिपल सीट किती. परीक्षेच्या किंवा सुटीच्या आठवड्यातली मोजणी त्यात धरायची नाही, पोलीस तपासणी चालू असलेल्या दिवसाचीही नाही, नाहीतर सुधारणा झाल्यासारखी दिसते आणि झालेली नसते. आकडा हलला नसेल तर तसे लिहायचे, आणि पुढच्या मोजणीला ट्रिपल सीट येणाऱ्या मुलांपैकीच दोघांना वही धरायला बोलवायचे.